मुलाखतीनंतरच्या चार ओळी

नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले म्हणजे आमच्या खेड्यांतील घरांत केवढी धांदल उडते, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. सदऱ्याला इस्त्री होते, बूट नसल्यास शेजारच्या घरून येतात, प्रमाणपत्रांच्या नकला तीनतीनदा मोजल्या जातात. पहाटेची बस चुकू नये म्हणून आई रात्रभर अर्धवट जागी असते, आणि आजी मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण केल्यावाचून त्याला उंबरठा ओलांडू देत नाही. संध्याकाळी मुलगा परत येतो, "कशी झाली?" ह्या प्रश्नास "बरी झाली" एवढेच उत्तर देतो, आणि तेथून पुढे सारे घर केवळ वाट पाहत बसते. मुलाखतीपूर्वी काय काय करावयाचे ह्याची यादी प्रत्येक घरी असते. मुलाखतीनंतरही करावयाचे असे काही असते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते.

ते म्हणजे आभाराचे पत्र. ज्यांनी आपली मुलाखत घेतली त्यांना त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहून, त्यांनी दिलेल्या वेळाबद्दल आभार मानावे, अशी रीत अमेरिकेत पुष्कळ वर्षांपासून आहे. आमच्या धर्मग्रामांतील मुलेमुली आता बेळगाव, पुणे, हैदराबाद, वडोदरा अशा शहरांतील कंपन्यांत, रुग्णालयांत व शाळांत मुलाखतींस जातात. त्यांतील काहींस महाविद्यालयांतील मार्गदर्शक ही रीत सांगतात, आणि मग घरी वाद होतो. बापाला वाटते, ही लाचारी झाली. आईला वाटते, नुसत्या पत्राने काय होणार, सोबत काही द्यावयास हवे. मुलाला वाटते, साहेब वाचून हसतील. ह्या तिन्ही शंका प्रामाणिक आहेत, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. आभार नेमके कशाचे मानावयाचे, हे कोणी विचारलेले नसते.

प्रथम ह्या रीतीविषयी थोडे सांगू. तिचा आग्रह धरणारे एक अतिशय खपलेले इंग्रजी पुस्तक एका धर्मोपदेशकाने लिहिलेले आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल. रिचर्ड नेल्सन बोल्स हे अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक. सॅन फ्रान्सिस्को शहरातील ग्रेस कॅथीड्रलमध्ये ते सेवेत होते. १९६८ साली पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागा रद्द झाली, आणि चाळिशी ओलांडलेल्या ह्या गृहस्थांस नवे काम शोधण्याची पाळी आली. पुढे महाविद्यालयांतील धर्मोपदेशकांची विचारपूस करण्याचे काम त्यांना मिळाले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, ह्यांच्यापैकीही अनेकांच्या जागा जात आहेत आणि नवी जागा कशी शोधावी हे कोणासच ठाऊक नाही. त्यांच्यासाठी म्हणून बोल्स ह्यांनी १९७० साली स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापले. 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' असे त्याचे गमतीचे नाव आहे. १९७२ साली एका प्रकाशन संस्थेने ते हाती घेतले, आणि २०१७ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी बोल्स वारले तोवर त्याच्या एक कोटीपेक्षा अधिक प्रती खपल्या होत्या. काम गमावलेल्या एका माणसाने काम गमावलेल्या दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या ह्या पुस्तकात, प्रत्येक मुलाखतीनंतर आभाराची चिठ्ठी पाठवावी, हा उपदेश ठामपणे केलेला आहे.

रीत परदेशातील आहे म्हणून ती आम्हांस अगदीच परकी आहे, असे मात्र समजण्याचे कारण नाही. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले. पाव आण्यात ते देशभर जाई. त्या कार्डाने आमच्या वाडवडिलांस एक सुंदर सवय लावली होती. मामाच्या गावी चार दिवस राहून आलेला भाचा घरी पोहोचताच एक कार्ड टाकी: आम्ही सुखरूप पोहोचलो, मामींनी केलेले पाहुणचार आठवतात, आजोबांस नमस्कार सांगावा. ह्याला 'पोच' म्हणत. पोच न टाकणारा मनुष्य उर्मट गणला जाई. त्या कार्डात पुढल्या वर्षीच्या आंब्यांची मागणी नसे. झालेल्या पाहुणचाराची पावती असे. मुलाखतीनंतरचे पत्र ही अशीच एक पोच होय. कोणी आपल्याला दारात घेतले, बसावयास सांगितले, आपले म्हणणे अर्धा तास ऐकून घेतले. त्याची पावती आपण देतो, इतकाच तिचा अर्थ.

गोव्यातील व बेळगावकडील आमच्या कोंकणी बोलणाऱ्या बांधवांच्या घरी आभार मानावयाचे झाले म्हणजे 'देव बरें करूं' असे म्हणतात. देव तुमचे बरे करो, असा त्याचा अर्थ. ह्या तीन शब्दांत बोलणाऱ्याने स्वतःसाठी काहीच मागितलेले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीतील 'आभार' हा शब्दही पाहावा. त्यात 'भार' आहे. दुसऱ्याने आपल्यासाठी काही केले, त्याचे ओझे आपल्यावर आहे, हे कबूल करणे म्हणजे आभार मानणे. ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे म्हणजे आभार नव्हे.

शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा आमच्या घरांतील लहान मुलांसही माहीत आहे. दहाजण बरे झाले, आणि एकच आभार मानावयास परत आला. परंतु त्या एकाच्या आणि आमच्या उमेदवाराच्या स्थितीत एक फरक आहे. त्याला जे हवे होते ते मिळून चुकले होते. आमच्या मुलाला नोकरी अजून मिळालेली नाही. कदाचित मिळणारही नाही. मग त्याने आभार कशाचे मानावे? जे मिळाले त्याचे. त्याला वेळ मिळाला, कान मिळाला, आपली योग्यता मांडावयास जागा मिळाली, आणि बहुधा काहीतरी नवे कळले. ह्या गोष्टींचा हिशेब निकालावर अवलंबून नाही. जो मुलगा हे ओळखून लिहितो, त्याच्या पत्रात लाचारी शिरू शकत नाही, कारण तो काही मागत नसतो. आणि जो हे न ओळखता लिहितो, त्याच्या पत्रात कितीही गोड शब्द असले, तरी ती विनवणीच ठरते.

आता मुलाच्या शंकेकडे वळू. साहेब हसतील काय? ह्या बाबतीत अमेरिकेतील दोघा अभ्यासकांनी केलेले काम बोधप्रद आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांकडून कृतज्ञतेची पत्रे लिहवून घेतली. पत्र मिळाल्यावर समोरच्यास कसे वाटेल, ह्याचा अंदाज लिहिणाऱ्यांस विचारला, आणि प्रत्यक्ष कसे वाटले, हे पत्र मिळालेल्यांस विचारले. लिहिणाऱ्यांचा अंदाज दोन्ही अंगांनी चुकला. पत्र मिळालेला संकोचेल, असे त्यांना वाटले होते, तितका तो संकोचला नाही. आणि त्याला जितका आनंद होईल असे वाटले होते, त्यापेक्षा अधिक झाला. लिहिणारा शब्द बरोबर जमले की नाही ह्याची चिंता करीत राहतो, आणि वाचणारा त्या शब्दांमागील आपुलकी पाहतो. ज्या मुलाची इंग्रजी कच्ची आहे, त्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण तर नोकरीच्या अर्जाशीच निगडित आहे. ॲडम ग्रँट व फ्रान्चेस्का जिनो ह्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, काही लोकांस एका विद्यार्थ्याचे नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र तपासून देण्यास सांगितले. त्यांनी ते तपासल्यावर विद्यार्थ्याने आणखी एक पत्र तपासून द्याल काय, अशी विचारणा केली. निम्म्या लोकांस त्याने केवळ पत्र पोहोचल्याचे कळविले होते. निम्म्यांचे मनःपूर्वक आभार मानले होते. ज्यांचे आभार मानले नव्हते, त्यांच्यापैकी शेकडा ३२ जणांनी पुन्हा मदत केली. ज्यांचे मानले होते, त्यांच्यापैकी शेकडा ६६ जणांनी केली. आपल्या श्रमाचा कोणास तरी उपयोग झाला, हे कळल्याने मनुष्यास बरे वाटते, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. दिवसभर पंधरा उमेदवारांस तेच ते प्रश्न विचारून थकलेली बाई अथवा गृहस्थ हाही मनुष्यच असतो.

परंतु ह्यावरून पत्र लिहिले की नोकरी मिळते, असे जर कोणी म्हणेल, तर तो मुलांची फसवणूक करील. अमेरिकेतील अकाउंटेम्प्स ह्या नोकरभरती करणाऱ्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांपैकी शेकडा ८० जणांनी असे पत्र उमेदवाराविषयी मत बनविताना उपयोगी पडते, असे सांगितले. तरी प्रत्यक्षात शेकडा २४ उमेदवारच ते पाठवितात, असा त्यांचा अनुभव होता. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २००७ साली, हे प्रमाण शेकडा ५१ होते. उपयोगी पडते ह्याचा अर्थ इतकाच की, दोन उमेदवार योग्यतेने जवळजवळ सारखे असता तराजू किंचित कलू शकतो. ज्याला काम येत नाही, त्याला पत्राने काम येत नाही.

ह्या रीतीची दुसरी बाजूही आहे. २०१९ साली अमेरिकेतील एका वृत्तसंस्थेच्या अधिकारी बाईंनी असे लिहिले की, ज्या उमेदवाराकडून आभाराचा ई-मेल येत नाही त्याला आपण घेत नाही. त्यावर तेथे मोठाच गदारोळ झाला. टीकाकारांचे म्हणणे असे की, हा नियम कोठे लिहिलेला नाही. ज्यांचे आईबाप कचेऱ्यांत काम करतात त्यांच्या मुलांस तो घरीच कळतो, आणि ज्यांच्या घरातून पहिलेच मूल कचेरीची पायरी चढते त्याला तो कोणी सांगत नाही. मग ह्या कसोटीवर गुण मोजले जातात की घराणे? ही टीका आम्हांस रास्त वाटते. पत्र न लिहिणे हा उमेदवाराचा दोष धरणे अन्यायाचे आहे. परंतु जगात न लिहिलेले नियम आहेत, हे सत्य आमच्या रागाने बदलणार नाही. आमच्या खेड्यांतील मुले बहुधा त्या दुसऱ्या वर्गातील, पहिल्यानेच पायरी चढणारी आहेत. म्हणूनच ही गोष्ट त्यांच्या घरी जाऊन सांगितली पाहिजे, ह्या हेतूने आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

पत्र कसे असावे, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या माहितीतील एक मुलगी परिचारिकेचे शिक्षण पुरे करून शहरातील एका खासगी रुग्णालयात मुलाखतीस गेली होती. परतल्यावर तिने पहिला मसुदा लिहिला तो असा: आपण थोर आहात, मी गरीब घरची आहे, आपली कृपा झाल्यास आमचे कुटुंब आपले उपकार जन्मभर विसरणार नाही. तो वाचून तिला एवढेच विचारण्यात आले: मुलाखतीत मेट्रनबाईंनी तुला काय सांगितले? ती उत्साहाने सांगू लागली, आणि जे सांगितले तेच तिने मग कागदावर उतरविले.

"माननीय मेट्रनबाई यांस सादर नमस्कार.

काल मंगळवारी परिचारिकेच्या जागेसाठी आपण माझी मुलाखत घेतलीत. पाळी बदलताना रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून त्याची माहिती पुढच्या परिचारिकेस देण्याची आपल्या वॉर्डातील पद्धत आपण वेळ काढून मला समजावून सांगितलीत. आम्ही शिकत असताना ही माहिती टेबलापाशी वहीतून दिली जात असे. खाटेपाशी दिल्याने रुग्णाला स्वतःलाही चूक दाखविता येते, हे मला काल प्रथम कळले. रात्रपाळीविषयी आपण विचारले तेव्हा मी अडखळले होते. माझी रात्रपाळीस तयारी आहे आणि शहरात राहण्याची सोय झाली आहे, हे येथे नमूद करते. आपण मला दिलेल्या वेळाबद्दल मी मनापासून आभारी आहे.

आपली विश्वासू,"

खाली नाव, पत्ता व फोन क्रमांक. एवढेच पत्र. ह्यात स्तुती नाही, गरिबीचे गाऱ्हाणे नाही, निकाल कधी लागेल अशी विचारणाही नाही. जी एक गोष्ट त्या खोलीत खरोखर घडली आणि जी दुसऱ्या कोणा उमेदवारास लिहिता आली नसती, ती ह्यात आहे; जे उत्तर अपुरे राहिले होते ते एका वाक्यात पुरे केले आहे; आणि आभार आहेत. ती जागा ह्या मुलीस मिळाली नाही. अधिक अनुभवी परिचारिका निवडली गेली, आणि तसे होणे योग्यच होते. परंतु पत्र लिहावयास बसल्यामुळे आपण मुलाखतीत काय शिकलो आणि कोठे अडखळलो, ह्याचा तिला आपोआप हिशेब झाला. पुढच्या मुलाखतीस रात्रपाळीचा प्रश्न आला तेव्हा ती अडखळली नाही. आज ती दुसऱ्या एका रुग्णालयात सेवेत आहे. ती जागा तिला पत्रामुळे मिळाली, असे आम्ही म्हणत नाही; ती तिच्या कामामुळे मिळाली.

ह्यातून काही साध्या सूचना निघतात. पत्र त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी जावे. आठवड्याने गेलेले पत्र आठवण करून देण्यासाठी लिहिल्यासारखे दिसते. मुलाखतीचे बोलावणे ज्या ई-मेल पत्त्यावरून आले, त्याच पत्त्यावर उत्तर पाठवावे. बोलावणे टपालाने आले असल्यास टपालाने पाठविण्यास हरकत नाही. साहेबांचा खासगी फोन क्रमांक कोणाकडून तरी मिळवून त्यावर व्हॉट्सॲप करू नये. कोणाच्या घरात न विचारता शिरण्यासारखे ते आहे. मुलाखत ज्या भाषेत झाली त्या भाषेत लिहावे. सीमाभागातील आमच्या मुलांची मुलाखत कधी कानडीत, कधी मराठीत, कधी इंग्रजीत होते. ज्या भाषेत दोघे बोलले, ती दोघांची भाषा. समोरच्याचे नाव व हुद्दा अचूक लिहावा. ठाऊक नसेल तर निघताना बाहेर बसलेल्या बाईंस नम्रपणे विचारून घ्यावा. मुलाखत घेणारे तिघे असतील तर एकाच पत्रात तिघांचे आभार मानावे, अथवा प्रत्येकास निराळे लिहावे. परंतु तिघांस तंतोतंत एकच मजकूर पाठवू नये, कारण तिघे एकाच टेबलाशी बसतात. इंटरनेटवरून अथवा यंत्राकडून तयार लिहून घेतलेले पत्र जसेच्या तसे पाठवू नये. त्यातील भाषा निर्दोष असेल. परंतु त्या खोलीत काय घडले हे त्या यंत्राने पाहिलेले नाही. आणि एकदा पत्र गेले की थांबावे. दुसरे, तिसरे पत्र म्हणजे तगादा.

एक गोष्ट तर लिहिण्याचीही नाही. उठताना तोंडाने आभार मानावे. ज्या शिपायाने पाणी आणून दिले, ज्या बाईंनी खोली दाखविली, त्यांचेही मानावे. ह्यास पैसा लागत नाही, इंग्रजी लागत नाही.

आता पत्र कोठे पाठवू नये, हे सांगणे तितकेच अगत्याचे आहे. सरकारी भरतीत मुलाखत घेणारे मंडळ गुण मांडून मोकळे होते, आणि उमेदवाराने नंतर त्यांच्याशी संपर्क साधणे संशयास कारण होऊ शकते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या नियमांत आपल्या उमेदवारीस गैरमार्गाने पाठिंबा मिळविणे हे अपात्रतेचे कारण ठरविलेले आहे. बँकांच्या भरतीच्या जाहिरातींतही वशिला लावणाऱ्या उमेदवारास बाद करण्यात येईल, अशी ओळ असते. अशा ठिकाणी निघताना उभे राहून तोंडी आभार मानावे आणि घरी यावे. शिवाय केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ श्रेणींच्या, म्हणजे 'क' व 'ड' गटांतील आणि 'ब' गटातील अराजपत्रित जागांसाठी मुलाखतीच बंद केल्या आहेत. "तुमच्या मुलाची मुलाखत मी सांभाळून घेतो, आभाराचे तेवढे पाहा," असे अशा जागेसंबंधी कोणी दलाल सांगू लागला, तर जी मुलाखत व्हावयाचीच नाही ती तो विकत आहे, हे ओळखावे.

येथे आईच्या शंकेस उत्तर देणे भाग आहे. 'चहापाणी', 'खुशी', 'आठवण' अशा गोंडस नावांनी आमच्याकडे जे दिले जाते, त्याने आभार ह्या शब्दाचा पुष्कळच अपमान केलेला आहे. सरकारी नोकरास लाच देणे हा आता देणाऱ्याचाही सरळ गुन्हा आहे; भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ ह्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने त्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु कायद्याची भीती बाजूस ठेवली, तरी अशा भेटीने मुलाचे काय होते, ते पाहावे. एका खासगी संस्थेत कारकुनाच्या जागेसाठी एका मुलाची मुलाखत झाली. मुलगा हुशार होता, हिशेबात पक्का होता. निकालापूर्वी त्याचे वडील, मुलास न सांगता, घरच्या काजूंचा डबा घेऊन रात्री प्रमुखांच्या घरी गेले. प्रमुखांनी संकोचाने डबा ठेवून घेतला. मुलाला नोकरी लागली. महिन्याभरात काजूंची गोष्ट कचेरीत पसरली, आणि मुलाच्या टेबलाला सहकाऱ्यांनी 'काजूची खुर्ची' असे नाव दिले. त्याची निवड त्याच्या हिशेबामुळे झाली होती की वडिलांच्या डब्यामुळे, हे त्या मुलाला स्वतःलाही आता कधी कळावयाचे नाही. बापाने प्रेमापोटी दिलेल्या त्या डब्याने मुलाच्या कमाईतील एक फार मोलाची गोष्ट हिरावून नेली.

हाच न्याय शिफारशीच्या चिठ्ठीसही लागू आहे. मुलाखत झाली की, "फादर, साहेब आपल्यातले आहेत, दोन ओळी लिहून द्या," असे म्हणत पुष्कळ आईबाप आमच्या दाराशी येतात. उमेदवाराच्या वर्तणुकीविषयी संस्थेने विचारले, तर खरे ते लिहून देणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि ते आम्ही आनंदाने करतो. परंतु मुलाखत झाल्यावर पाठविलेली आमची चिठ्ठी आभाराची नसते. ती दडपणाची असते. तिने कदाचित एकाला जागा मिळेल, आणि ज्याच्या बापाची धर्मगुरूशी ओळख नाही अशा दुसऱ्या एकाची ती जाईल. म्हणून आम्ही त्या आईबापांस सांगतो की, दोन ओळी अवश्य जाऊ द्या, मात्र त्या मुलाने लिहाव्या, आणि आभाराच्या लिहाव्या.

आणखी एका पत्राविषयी सांगावयाचे राहिले. ते सर्वांत अवघड. नकार आला म्हणजे घरात सुतक पडल्यासारखे होते. कोणी जेवत नाही, शेजारी विचारतील म्हणून बाप दोन दिवस चावडीकडे फिरकत नाही. अशा वेळी, मन थोडे शांत झाल्यावर, मुलाने तीन ओळी लिहाव्या: आपला निर्णय कळला, आपण माझा विचार केलात ह्याबद्दल आभारी आहे, पुढे योग्य जागा निघाल्यास अर्ज करण्याची इच्छा आहे. पुष्कळ ठिकाणी निवडलेला उमेदवार रुजूच होत नाही, आणि मग दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची आठवण होते, हे व्यवहाराचे सत्य आहेच. तथापि पहिले पत्र खरोखर आभाराचे होते की आशेचे, ह्याची परीक्षा ह्या दुसऱ्या पत्रात होते. वेळ दिला गेला होता. तो नकारानेही परत घेतला जात नाही. तेव्हा त्याचे आभारही परत घेण्याचे कारण नाही. नकार पचवून ताठ मानेने आभार मानणारा मुलगा त्या घरात पुन्हा कधीही ताठ मानेने जाऊ शकतो.

शेवटी आईबापांस एक विनंती. ज्या मुलाने पंचवीस वर्षांत कोणाला आभाराची एक ओळ लिहिली नाही, त्याचा हात मुलाखतीच्या रात्री कागदावर अडणारच. ही सवय कचेरीत लागत नाही. ती स्वयंपाकघरातील मेजावर, बोटांना शाई लागण्याच्या वयात लागते. येत्या हंगामात आमच्या अनेक घरांतील मुलामुलींस प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळेल. आत्या, मावशी, धर्मपिता, धर्ममाता ह्यांच्याकडून भेटी येतील. कोणी घड्याळ देईल, कोणी जपमाळ, कोणी पाकिटात घातलेली नोट. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मुलाला एक कोरे कार्ड द्यावे आणि त्याच्यापाशी बसावे. मजकूर सांगू नये. "आत्याने तुला काय दिले, आणि तुला ते का आवडले?" एवढेच विचारावे, आणि जे उत्तर येईल ते त्याच्याच अक्षरांत, काना-मात्रा चुकल्या तरी, लिहू द्यावे. पत्ता मात्र आपण तपासावा, आणि कार्ड दुसऱ्याच दिवशी पेटीत पडेल असे पाहावे.